कारिता मात्तिला: हेलसिंकी ते कोव्हेंट गार्डन, मधल्या वर्षांत नेमकं काय घडतं?

मध्यलय

आमच्या श्रवणमंडळात पुढचं सत्र फिनलंडच्या सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज) कारिता मात्तिला यांच्यावर आहे. सीडीच्या पुस्तिकांमध्ये परिचय ठरलेला असतो: सिबेलियस अकादमीत शिक्षण, १९८३ मध्ये कार्डिफची आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धा जिंकली, मग लंडन, न्यूयॉर्क. स्पर्धा जिंकली आणि थेट न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह, असंच वाटतं वाचताना. मला हवा आहे तो मधला भाग. अकादमीत शिकवतात काय? स्पर्धा जिंकल्यावर लगेच मोठ्या भूमिका का घेत नाहीत? आपल्याकडे गंडा बांधला की गुरू सांगेल तेव्हा मैफल, तसं तिकडे कोण ठरवतं? आणि पंचावन्न लाख वस्तीच्या देशातून इतके गायक निघतात कसे? मंडळातले बहुतेक जण ख्याल ऐकणारे आहेत, त्यामुळे सप्तक-सुरांच्या भाषेत सांगितलंत तर फार बरं होईल.

तिसरी_घंटा

आधी तारखा, कारण "थेट मेट्रोपॉलिटन" हे चूक आहे.

जन्म सप्टेंबर १९६०, नैऋत्य फिनलंडमधलं सोमेरो. सिबेलियस अकादमीत गुरू लिसा लिंको-माल्मिओ. १९८१ मध्ये लापेनरांता शहरातली राष्ट्रीय गायनस्पर्धा जिंकली. १९८३ मध्ये अकादमीचं शिक्षण पूर्ण आणि त्याच वर्षी कार्डिफ. तेव्हा वय बावीस. कार्डिफची ती पहिलीच खेप होती, त्यामुळे पहिली विजेती म्हणून नाव कायमचं लागलं. लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात पदार्पण १९८६, 'कोसी फान तुत्ते'मधली फिओर्दिलिजी. मेट्रोपॉलिटन १९९०, 'डॉन जोव्हानी'मधली डोना एल्विरा. म्हणजे कार्डिफ ते न्यूयॉर्क सात वर्षं, आणि दोन्ही पदार्पणं मोझार्टची.

परिचयांतून नेमका गळतो तो धागा म्हणजे व्हेरा रोझा. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या या शिक्षिकेकडे मात्तिला जवळजवळ वीस वर्षं शिकल्या. नीट वाचा: पदवी मिळाली, स्पर्धा जिंकली, मोठ्या रंगमंचावर नाव झालं, आणि त्यानंतरही वीस वर्षं तालीम. किरी ते कानावा याही त्यांच्याच शिष्या. "कोण ठरवतं" याचं अर्धं उत्तर इथे आहे. ऑपेराच्या गायकाला स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो तसा सभागृहात ऐकू येत नाही. हाडांतून येणारा आवाज जाड आणि मोठा भासतो, म्हणून जोर लावून तोच जाडपणा आणायचा मोह होतो. बाहेरचा भरवशाचा कान लागतो आणि तो आयुष्यभर लागतो.

अकादमीबद्दल: १८८२ मध्ये हेलसिंकी संगीत संस्था म्हणून सुरू, १९३९ पासून सिबेलियसचं नाव, आणि २०१३ पासून कला विद्यापीठाचा भाग. आजचा पूर्ण अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, तीन वर्षं पदवी आणि अडीच वर्षं पदव्युत्तर. ऑपेराचं वेगळं शिक्षण या दुसऱ्या टप्प्यात येतं. गुरूपुढे एकट्याची तालीम, पियानोवादकाबरोबर भूमिकेची तालीम, स्वरवाचन (स्वरलिपी पाहून गाणं), पियानो, भाषांचे उच्चार, रंगमंचावरची हालचाल असं सगळं समांतर चालतं. यातलं विद्यार्थी टाळतात ते स्वरवाचन, आणि पुढे फटका बसतो तोही त्याचाच. विसाव्या शतकातल्या ऑपेरात, उदाहरणार्थ चेक संगीतकार यानाचेकमध्ये, ऐकून पाठ करणारा गायक तालमीच्या दुसऱ्या दिवशी उघडा पडतो.

पेटीवाला

"लगेच मोठ्या भूमिका का नाहीत" हे पेटी समोर ठेवून सांगतो.

पेटीवरची मधली पांढरी एक म्हणजे सी४. फिओर्दिलिजीच्या पहिल्या मोठ्या आरियात (एकटीच्या गाण्यात), 'कोमे स्कोल्यो'त, आवाज मंद्रातल्या पांढऱ्या सहापासून (ए३) थेट मधल्या पांढरी एकच्या दोन सप्तकं वरच्या पांढरी एकपर्यंत (सी६) जातो. वर सप्तकाहून मोठ्या उड्या, त्यांना मींड नाही. खालचा सूर सोडला की वरचा नेमका लागलाच पाहिजे. 'कोसी' १७९० मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा झाला आणि ही भूमिका अद्रियाना फेरारेझे या गायिकेसाठी लिहिलेली होती. तिचे खालचे सूर प्रसिद्ध होते, म्हणून मोझार्टने ते भरपूर वापरले.

आता सोप्रानोच्या आवाजात दोन सांधे, म्हणजे आवाजाची जात बदलते त्या जागा, असतात. पहिला मधल्या पांढऱ्या चारच्या आसपास, दुसरा त्याच्या एक सप्तक वर, तार सप्तकातल्या पांढरी चार-काळी तीनपाशी. खालचा सांधा ओलांडताना छातीचा आवाज तसाच वर ओढला तर काही काळ तो दणदणीत वाटतो आणि समोरचे टाळ्याही देतात. मग तीन गोष्टी क्रमाने बिघडतात. आधी वरच्या पट्टीत हळू गाता येईनासं होतं. मग सूर किंचित उतरू लागतो. शेवटी कंप मंदावतो. निरोगी आवाजात कंप सेकंदाला साधारण पाच ते सात आंदोलनांचा असतो. त्याहून हळू आणि रुंद झाला की सूर डुगडुगतो. तो परत जागेवर आणणं फार अवघड.

मोझार्ट यावर पथ्यासारखा काम करतो. वाद्यवृंद लहान, पण लपायला जागा नाही. सांध्यांवरून सारखं ये-जा करावं लागतं, ओळी लांब, आणि हळू गाता आलंच पाहिजे. तपासणी सोपी आहे: तार पांढऱ्या चारवर एका श्वासात हळू सुरू करून आवाज फुगवायचा आणि पुन्हा तितकाच हळू करून सोडायचा. उतरताना सूर फुटला किंवा घशात अडकला तर गायिका वॅग्नरच्या भारी ऑपेरांच्या वाटेला जायला तयार नाही. मग कार्डिफचं पदक असो की आणखी काही.

मात्तिलांचा क्रम बघा. 'फिगारो'मधली काउंटेस, फिओर्दिलिजी, एल्विरा अशी मोझार्टची वर्षं आधी. मेट्रोपॉलिटनमध्ये 'फिदेलियो'ची लिओनोरा २००० मध्ये, सालोमे २००४ मध्ये. पदवीपासून सालोमेपर्यंत एकवीस वर्षं. सालोमे नाट्यदृष्ट्या किशोरवयीन मुलगी, आणि ती गाता येते चाळिशीत! स्ट्राउसच्या शंभराच्या आसपास वाद्यांवरून आवाज काढायला लागणारा पिकलेपणा विशीत नसतो, त्याला कोणाचा इलाज नाही.

अवांतर: तुमच्या मंडळात "शब्द कळत नाहीत" ही तक्रार येणारच. तार पांढऱ्या चारची मूळ कंपनसंख्या साधारण ६९८ हर्ट्झ. 'ई' आणि 'ऊ' ओळखू येतात ते ज्या अनुनादामुळे, तो बायकांच्या आवाजात ३०० ते ४०० हर्ट्झच्या घरात. मूळ सूरच त्याच्या वर गेला की तोंड उघडून 'ई'ला 'ए'कडे झुकवण्यावाचून पर्याय नसतो. उघडलं नाही तर आवाज चिरका आणि बारीक होतो. वरच्या सी६वर तर सगळे स्वर जवळपास 'आ'च ऐकू येतात. ती गायिकेची चूक नसते.

उच्चारवेडा

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण. भाषेचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही, आणि फिनिश गायकाच्या पहिल्या पाच वर्षांतला मोठा वेळ तिथेच जातो.

सगळ्यात आधी, नाव 'मात्तिला' आहे, 'मातिला' नव्हे. फिनिशमध्ये जोडाक्षर आणि साधं अक्षर यांनी अर्थ बदलतो, तसाच ऱ्हस्व-दीर्घाने. 'तुली' म्हणजे आग, पहिला उकार दीर्घ केला की वारा, आणि त्याऐवजी 'ल' दुहेरी केला की जकात. आपल्या 'पका' आणि 'पक्का'सारखंच. त्यामुळे इटालियनमधली दुहेरी व्यंजनं फिनिश विद्यार्थ्याला आयती येतात. इंग्रज विद्यार्थी तिथेच महिनोन्महिने अडकतो.

अडचण दुसरीकडे आहे. मूळ फिनिश शब्दांत 'ब' आणि 'ग' नाहीत. 'बेल्ला'चं 'पेल्ला' होतं, आणि गाताना जास्तच, कारण लक्ष सुरावर असतं. 'प', 'त', 'क' महाप्राणरहित. इटालियनला ते अगदी चालतं, पण जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'प', 'ट', 'क' थोडा 'फ', 'ठ', 'ख'कडे झुकलेला लागतो. तो झुकला नाही तर शेवटच्या रांगेत शब्द पोचतच नाही. मराठी माणसाला हा फरक दाखवायला दोन मिनिटं पुरतात, कारण आपल्याकडे दोन्ही जाती वेगळ्या आहेत. फिनिश विद्यार्थ्याला तोंडासमोर कागद धरून हवेचा झोत बघावा लागतो.

आणि आघात. फिनिशमध्ये तो नेहमी पहिल्या अक्षरावर. इटालियन 'पिएता', 'फेलिचिता'मध्ये शेवटच्यावर. संगीतात आघात बहुधा मात्रेवरच बसवलेला असतो, म्हणून आरियात चूक झाकली जाते. उघडी पडते ती रेचितातिव्होत, जिथे बोलल्यासारखं गायचं असतं. म्हणून परीक्षक मुद्दाम आधीच्या रेचितातिव्होसकट आरिया मागतात.

एक सोय मात्र आहे: शाळेत स्वीडिश सक्तीची असते, त्यामुळे जर्मन शब्द आणि वाक्यरचना अगदीच परकी नसते.

फिरती_रंगभूमी

थोडी असहमती नोंदवतो. मात्तिला हे फिनिश गायकांचं उदाहरण म्हणून घेऊ नका. तो अपवाद आहे. स्पर्धेने दार उघडतं हे खरं, पण बहुतेकांचं घर बांधलं जातं जर्मन नाट्यगृहाच्या पगारी नोकरीवर.

कामिला न्यूलुंद घ्या. जन्म १९६८, वासा; स्वीडिशभाषक फिनिश. शिक्षण साल्झबुर्गच्या मोझार्टेउममध्ये, मग १९९५ ते १९९९ हॅनोव्हरच्या ऑपेरात नोकरी आणि लगेच ड्रेस्डेन. बायरॉइटच्या वॅग्नर-महोत्सवात 'टानहॉयझर'मधली एलिझाबेथ २०११ मध्ये आणि झ्युरिकला वॅग्नरचीच ब्रुनहिल्ड २०२२ मध्ये. हॅनोव्हरपासून सत्तावीस वर्षं. मात्ती साल्मिनेन हेलसिंकीच्या राष्ट्रीय ऑपेरात समूहगायक होते. १९६९ मध्ये, चोवीसाव्या वर्षी, 'डॉन कार्लो'मधल्या राजा फिलिपची संधी मिळाली, आणि १९७२ पासून कोलोनमध्ये नोकरी. मार्त्ती ताल्वेला तर शाळामास्तर. स्टॉकहोममध्ये कार्ल मार्टिन ऑमान यांच्याकडे शिकले, १९६१ मध्ये तिथेच 'रिगोलेत्तो'तला स्पाराफुचिले, आणि १९६२ मध्ये बायरॉइटला 'पार्सिफाल'मधला तितुरेल. सोइले इसोकोस्की चर्चसंगीताकडून आल्या. त्यांचं १९८७ हे एकच वर्ष बघा: लापेनरांतात पहिल्या, कार्डिफला दुसऱ्या, आणि हेलसिंकीत 'ला बोहेम'मधली मिमी.

जर्मन नोकरीचं गणित असं. नाट्यगृहाकडे ठरलेल्या आवाजांचा संच असतो. प्रत्येक आवाजाला वर्ग ठरवून देतात, त्याला 'फाख' म्हणतात, आणि करारात तो लिहिलेला असतो. हलक्या गीतप्रधान सोप्रानोला मोझार्टची पामिना देता येते, पुच्चिनीची भारी तोस्का देता येत नाही. नवख्यांनी इथे फार काळजी घ्यावी. लहान गावातलं नाट्यगृह माणसं कमी म्हणून "एवढी एक भूमिका करून टाका" म्हणतं, आणि पेटीवाल्यांनी सांगितलेला तो डुगडुगणारा सूर तिथूनच सुरू होतो. नाही म्हणायला करारातल्या त्या एका शब्दाचा आधार असतो, म्हणून सही करण्याआधी तो वाचायचा.

करार साधारण एकेका हंगामाचे आणि आपोआप पुढे चालणारे. पुढच्या हंगामात नको असेल तर तसं चालू हंगामाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, त्याआधी गायकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्याच घरात आठ वर्षांहून जास्त झाली असतील तर ही मुदत आधीच्या ३१ जुलैची. पंधरा वर्षं पूर्ण झाली की काढणं जवळपास अशक्य, आणि म्हणूनच चौदाव्या वर्षी अनेकांना नारळ मिळतो. नवा नाट्यप्रमुख आला की तो आपली माणसं आणतो. त्यात आवाजाचा दोष असतोच असं नाही.

निवडचाचणीला पाच आरिया तयार ठेवायच्या. हलक्या सोप्रानोसाठी रेचितातिव्होसह मोझार्टची एक इटालियन, एक जर्मन, एक फ्रेंच, एक पुच्चिनी आणि एक स्लाव भाषेतली, असा संच चालतो. पहिली आपण निवडायची, दुसरी समोरचे निवडतात, आणि बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात अवघड आरिया पहिली ठेवणं. पहिली अशी हवी की सर्दी असताना, रात्रभर रेल्वेत बसून आल्यावरही निभावेल. पियानोवादक त्यांचा असतो आणि तालीम मिळाली तर पाच मिनिटं. म्हणून पानं उलटता येतील अशी बांधलेली प्रत न्या, गाळलेल्या जागा ठळक खोडा, आणि लय तोंडाने सांगण्याऐवजी दोन ओळी गुणगुणून दाखवा. सुट्या झेरॉक्स नेल्या की एक तरी पान खाली पडतंच.

एजंट नसेल तर जर्मनीच्या सरकारी रोजगार खात्याचा कलाकार विभाग आहे. तो ऐकून घेतो, नाट्यगृहांकडे पाठवतो आणि कमिशन घेत नाही.

मध्यलय

सगळ्यांचे मनापासून आभार, सत्राचा आराखडाच बदलला. दोन शंका. मोठी भूमिका पाठ कशी करतात? फिओर्दिलिजी तर तीन तासांच्या ऑपेरात बराच वेळ रंगमंचावर असते. आणि फिनलंडमध्येच इतकं पीक का, हे राहिलं.

तिसरी_घंटा

पाठांतराचा क्रम असा, आणि यातली पायरी गाळली की ती पुढे व्याजासकट वसूल होते.

पियानोची स्वरलिपी घ्यायची, आपल्या ओळी रंगवायच्या. मग प्रत्येक शब्दाखाली शब्दशः अर्थ, फक्त आपल्याच नव्हे, समोरच्याच्याही शब्दांखाली. नाहीतर सहगायक गात असताना चेहरा कोरा राहतो. पुढचा टप्पा गाण्याचा नाही, बोलण्याचा: शब्द तालात, सुराशिवाय. नंतर पेन्सिलने श्वासाच्या जागा. पेन्सिलनेच, कारण वाद्यवृंदाचा संचालक बदलला की लय बदलते आणि श्वास हलवावे लागतात. यानंतर सूर, आणि तेही आधी अर्ध्या आवाजात. सुरुवातीला भर आवाजात घोकलं तर घशाला चुकीची सवय लागते आणि ती शब्दांबरोबरच पाठ होते. एकत्र गाण्याचे तुकडे, म्हणजे दुगाणी, षट्गाणी, ही शेवटी न ठेवता आधी घ्यायची. 'कोसी'त आरियांपेक्षा तेच जास्त आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

रंगमंचावरच्या तालमीला येताना सगळं पाठ असणं गृहीत असतं. तिथे काही आठवडे पियानोवर, मग वाद्यवृंदाबरोबर बसून गायची एक तालीम, मग वेशभूषेसह, आणि शेवटी रंगीत तालीम. या काळात गायक वरचे सूर सप्तक खाली घेतात किंवा हळू गातात. त्याला आळस समजू नका. रोज सहा तास भर आवाज दिला तर पहिल्या प्रयोगाला काही उरत नाही. हळू गाताना मात्र शब्द आणि श्वास पूर्ण हवेत, नाहीतर आवाज घशात बसतो आणि ते भर गाण्यापेक्षा वाईट.

पिकाबद्दल थोडक्यात. गावोगावी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संगीतशाळा, ल्युथरन चर्चमधलं समूहगान, विद्यार्थ्यांची गायनमंडळं (हेलसिंकी विद्यापीठाचं पुरुषमंडळ १८८३ पासूनचं). शिवाय देशातल्या देशात पायऱ्या आहेत: लापेनरांता १९६९ पासून, आणि हेलसिंकीत मिर्याम हेलिन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून दर पाच वर्षांनी.

उच्चारवेडा

त्यात साव्होनलिना हवंच. सरोवरातल्या ओलाव्हिनलिना या पंधराव्या शतकातल्या किल्ल्यात उन्हाळी ऑपेरामहोत्सव भरतो. सुरुवात १९१२ मध्ये आइनो आक्ते यांनी केली. त्या आधीच्या पिढीच्या: आई गायिका, पुढचं शिक्षण पॅरिसला, १८९७ मध्ये पॅरिस ऑपेरात 'फाउस्ट'मधली मार्गरीट म्हणून पदार्पण. तेव्हा फिनलंडमध्ये कायमची ऑपेरामंडळीच नव्हती. ती १९११ मध्ये उभी करण्यातही आक्तेंचा हात होता. महोत्सव मध्ये बंद पडला, १९६७ पासून दर वर्षी होतो, आणि १९७२ ते १९७९ ताल्वेला त्याचे प्रमुख होते. तरुण गायकासाठी तिथली परीक्षा वेगळीच. दगडी भिंती, वर नुसतं छत, आणि जुलैतही रात्री गारठा. प्रवेशाची वाट बघत उभं राहिलं की घसा थंड पडतो, म्हणून भूमिका बारीक असली तरी मफलर शेवटच्या क्षणी काढतात.

पेटीवाला

सत्रात काय ऐकवायचं हे विचारलं नाहीत, तरी सांगतो. नेव्हिल मॅरिनर यांचं 'कोसी'चं ध्वनिमुद्रण लावा. फिओर्दिलिजी मात्तिला, तिची बहीण दोराबेल्ला आना सोफी फॉन ऑटर. दोघी व्हेरा रोझांच्या शिष्या. पहिल्या अंकातलं बहिणींचं दुगाणं आधी ऐका. तिसऱ्या अंतरावर समांतर चालताना दोघींचा 'ए' एकाच ठिकाणी उघडतो, तो मंडळाला दाखवा. मग यानाचेकचा 'येनूफा', बर्नार्ड हायटिंक, कोव्हेंट गार्डन २००१. मुलगी मात्तिला, सावत्र आई आन्या सिल्या. २०१६ मध्ये मेट्रोपॉलिटनला त्याच ऑपेरात मात्तिलांनी सावत्र आई गायली.